चिमूटभर नाही

मोरेश्वरदादाला पहिला झटका आला तेव्हा
गोळीबार चौकातल्या आमच्या खोलीत दोन यंत्रमाग चालू होते.
पौनीकरकाकू नाकाशी धरायला चप्पल घेऊन धावल्या,
कुणी कांदा फोडला.
आई फक्त म्हणाली, माग बंद करा.
तेवढंच तिला सुचलं.

तीस वर्षांनंतर अमरावती रोडवरच्या वर्गात
मी जे शिकवते ते याहून फार वेगळं नाही.

ताण्यातला धागा तुटला की माग आपोआप थांबतो.
धाग्यावर टेकलेली पातळ पत्ती खाली पडते, एवढंच.
ती पडली नाही तर यंत्र विणतच राहतं
वारभर नुसता गुंता.
पोरांना वाटतं मेंदू म्हणजे वेग.
मी फळ्यावर पाच पाकळ्या काढते, मधे भोक.
हे दार. निरोप आला की उघडतं,
मिठातला अर्धा वाटा आत शिरतो,
पेशी गप्प होते.

उमरेडचा एक पोरगा विचारतो,
म्हंजे मॅडम, मीठ आत गेलं का माणूस शांत?
अर्धंच मीठ, बावा. क्लोराइड.
आणि तेही मोठ्या माणसात.
तान्ह्या बाळाच्या डोक्यात हेच दार उघडलं
तर पेशी उलट दचकते.
नाही म्हणायलाही वय यावं लागतं.

दादाची गोळी दार उघडत नाही.
ती दोन पाकळ्यांच्या सांध्यात बोट घालून उभी राहते,
उघडणारा आला की दार जरा जास्त वेळा उघडतं.
जुनी गोळी, स्वस्त, इतवारीत कुठंही मिळते.
तिनं झटके थांबवले
आणि दादालाही थांबवलं.
पोह्यांवरची तर्री थिजून जाते, चमचा हातात,
मग डोळे उघडतो आणि म्हणतो,
मी जागाच होतो.

झोप आणते ती एक पाकळी. तिला शिवायचं नाही,
तिच्या बहिणींना धरायचं.
या एका वाक्यावर आमची अकरा वर्षं गेली.

रेणूला नाव नव्हतं, नंबर होता, चारशे सतरा.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
उंदरांच्या खोलीत एसी, आमच्या खोलीत कूलर.
त्या दुपारी उंदरांना झटके आले नाहीत,
आणि फिरत्या दांड्यावर ते चालत राहिले,
पेंगले नाहीत, पडले नाहीत.
फुलझेले घड्याळ बंद करायचं विसरून
माझ्याकडे बघत बसली.
मी घरी जाऊन दादाला सांगितलं.
चूक केली.
म्हंजे पिच्चर पूरा पाहता येईन मले?

माणसांवरच्या दुसऱ्या फेरीत
सहा जणांचं यकृत बिघडलं.
मेल चार ओळींचा. चाचणी थांबवण्यात येत आहे.
कुणीतरी कुठंतरी वेळेवर नाही म्हणालं होतं,
पत्ती पडली होती, हे मला कळत होतं.
राग गेला नाही तरी.
फ्रीजरमध्ये चारशे सतराच्या कुप्या अजून आहेत,
फुलझेले त्यांच्यावरचा बर्फ पुसते, का ते मी विचारत नाही.

परवा गल्लीत धकात्यांची नात पडली.
चपला निघाल्या, कांदे निघाले.
मी घरी नव्हते, हे मला काकूंच्या सुनेनं सांगितलं:
दादा उठला. सगळ्यांना मागं सारलं,
पोरीला कुशीवर वळवलं,
आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिला.
पाच मिनिटं भरताच नाकात फवारा मारला,
तिच्याच दप्तरातला.

झटका लांबला की पेशी ही दारं आत ओढून घेते,
मग बाहेरून कितीही औषध ओता, ऐकणारं कुणी उरत नाही.
हे मी त्याला एकदा सांगितलं होतं,
तो खुर्चीत घोरत असताना,
खरं तर स्वतःलाच.

मी आले तेव्हा पोरगी बिस्किट खात होती.
तू सांगत होती तेव्हा मी जागाच होतो, म्हणाला,
आणि पायरीवर बसल्या बसल्या,
रिकामी बाटली मुठीत धरून,
झोपला.